जपानचे किल्ले आणि जुनी गावं: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जपानला जाऊ पाहणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी किल्ले, जुनी गावं आणि तिथवर पोचण्याच्या खटपटी याबद्दलची निवडक पत्रं इथे घेतली आहेत. दर आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

प्रश्न: सहल कंपनीच्या कार्यक्रमात ओसाका आणि नागोया हे दोन किल्ले आहेत. ओसाकाच्या किल्ल्यात लिफ्ट आहे म्हणे! मग तो खरा किल्ला की नुसता देखावा? आपले आपण गेलो तर कुठले पाहावेत? (पुण्याहून एक वाचक)

देखावा म्हणणं अन्याय होईल, पण शंका रास्त आहे. ओसाकाचे खंदक आणि अजस्र दगडी तट जुने आहेत. मधली उंच इमारत मात्र १९३१ साली लोकवर्गणीतून काँक्रीटमध्ये उभी राहिली आणि आत संग्रहालय आहे. नागोयाची मधली इमारत १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, १९५९ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधली आणि भूकंपात टिकेल याची खात्री नाही म्हणून मे २०१८ पासून आतून बंद आहे. तिथे पाहण्यासारखा आहे तो शेजारचा होनमारू वाडा. तो जुन्या मोजमापांवरून लाकडात पुन्हा उभारला असून २०१८ मध्ये पूर्ण झाला.

जपानी किल्ल्याच्या मधोमध असणाऱ्या या उंच, मजल्यांवर मजले चढवलेल्या इमारतीला तिथे ‘तेन्शू’ म्हणतात. जुन्या काळापासून उभे असलेले तेन्शू देशभरात फक्त बारा उरले आहेत. १६१५ मध्ये तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधाऱ्यांनी, प्रत्येक सरदाराला एकच किल्ला ठेवण्याची सक्ती केली. १८७३ मध्ये मेइजी सरकारने बहुतेक किल्ले मोडीत काढले. उरलेल्यांतले कित्येक १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत गेले. बारांची नावं अशी: हिरोसाकी, मात्सुमोतो, इनुयामा, मारुओका, हिकोने, हिमेजी, बिच्चू मात्सुयामा, मात्सुए, मारुगामे, शिकोकूमधला मात्सुयामा, उवाजिमा आणि कोची. यांतले हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने, इनुयामा आणि मात्सुए ‘राष्ट्रीय ठेवा’ या सर्वोच्च दर्जाचे आहेत.

तोक्यो-क्योतो-ओसाका ही नेहमीची वाट न सोडता यांतले तीन सहज जमतात. हिमेजीला ओसाकाहून साध्या तिकिटावरच्या जलद लोकलने सुमारे तासभर लागतो. हिकोने क्योतोपासून त्याच प्रकारच्या गाडीने पाऊण-एक तासावर, बिवा सरोवराच्या काठी आहे. नागोयाला मुक्काम असेल तर मेइतेत्सू कंपनीच्या गाडीने अर्ध्या तासात इनुयामा येतं. तिथल्या वरच्या मजल्याभोवती लाकडी सज्जा आहे आणि खाली किसो नदी. सज्जाचा कठडा मात्र गुडघ्याच्या जरा वर येईल इतकाच, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. मात्सुमोतोचा काळा किल्ला आडवाटेला आहे. तोक्योच्या शिंजुकू स्टेशनवरून गाडीने अडीच तासांवर असल्यामुळे तिथे एक मुक्काम ठेवलेला बरा.

आमचं मत विचाराल तर काँक्रीटचे चार पाहण्यापेक्षा लाकडाचा एक पाहा. मात्र सकाळचे तीन तास त्याला द्या.

प्रश्न: हिमेजीला नेमकं काय आणि कसं पाहायचं? ‘आत रिकामा आहे, वर जाऊन काही नाही’ असं दोघातिघांकडून ऐकलं. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत, आईचे गुडघे दुखतात. (नाशिकहून एक वाचक)

आत सामानसुमान नाही, हे खरं. सिंहासन, गालिचे, तसबिरी शोधायला जाणारा निराश होतोच. सरदार राहायचा खालच्या वाड्यात. तेन्शू हे शेवटच्या लढाईचं ठिकाण आणि शस्त्रांचं कोठार होतं. त्यामुळे तिथे बांधणी पाहायची असते.

स्टेशनच्या उत्तरेकडच्या दारातून बाहेर पडलं की सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. चालत पंधरा-वीस मिनिटं. बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. दार नऊला उघडतं, शेवटचा प्रवेश चारला. २९ आणि ३० डिसेंबरला बंद. १ मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांना प्रवेश २,५०० येन आहे, तर अठरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. नऊला हजर राहून थेट तेन्शू गाठा आणि पश्चिमेची माची, म्हणजे निशिनोमारू, नंतर करा. बहुतेक लोक उलट करतात आणि अकराला तेन्शूच्या जिन्यावर रांगेत अडकतात.

गडकोट हिंडलेल्या माणसाला दरवाजांच्या वाटेवरच पहिली गंमत कळेल. तेन्शू डोळ्यांसमोर असतो, पण वाट वळसे घेत, एकदा तर चक्क त्याच्याकडे पाठ करून जाते. दरवाजे लहान होत जातात, चढ मध्येच उताराचा होतो. शत्रूला तटावरून दिसत राहील असं फिरवत ठेवायचं, हे तत्त्व आपल्याकडच्या गोमुखी दरवाजामागेही आहेच. पांढऱ्या भिंतींत गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं दिसतील, त्या जंग्या. उभी लांबट भोकं बाणांसाठी, बाकीची बंदुकीसाठी. तटाच्या कोपऱ्यांवर बाहेर आलेल्या भागाच्या तळाशी फट ठेवलेली असते, तिथून चढणाऱ्यांवर दगड टाकायचे. तट चुन्याविना रचलेला. खाली तिरका निघून वर जवळजवळ उभा होतो, त्यामुळे पायथ्याशी चढायला सोपा वाटतो आणि अर्ध्यावर माणूस अडकतो.

आत गेल्यावर दोन महाखांब शोधा. हा तेन्शू १६०९ साली इकेदा तेरुमासाने पूर्ण केला. बाहेरून पाच छपरं दिसतात, आत तळघर धरून सात मजले आहेत आणि सुमारे पंचवीस मीटरचे हे दोन खांब तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत सगळा भार पेलतात. १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत पश्चिमेचा खांब बदलावा लागला. त्यासाठी तोडलेलं झाड आणताना मोडलं, म्हणून तो दोन लाकडं जोडून उभा केला आहे. भिंतींवर भाले आणि बंदुका टांगायच्या खुंट्या ओळीने आहेत. सगळ्यात वर छोटं देऊळ आहे आणि त्यापलीकडे खरोखरच काही नाही.

आता गुडघे. बूट दारातच काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात. जिने उभ्या शिडीसारखे आणि पायऱ्या वापरून गुळगुळीत झालेल्या. मोजे त्यावर घसरतात. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे इथूनच न्या, हिवाळ्यात दोन जोड, कारण लाकडी फरशी बर्फासारखी लागते. साडी नको, पायात येते. पाठपिशवी पोटाशी घ्या, म्हणजे मागच्याला लागत नाही. उतरताना जिन्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरलेलं सोपं. मात्सुमोतोचा एक जिना तर ६१ अंशांचा आणि पायरी जवळजवळ ४० सेंटीमीटर उंच.

आईंना हिमेजीत वर नेऊ नका. लिफ्ट नाही, एकदिशा रांगेत मध्येच परतणं अवघड. त्यांच्यासाठी खालचं मोठं मैदान आणि शेजारची कोकोएन बाग पुरे. त्यांना आतून काही दाखवायचंच असेल तर क्योतोचा निजो किल्ला निवडा. तिथला निनोमारू वाडा एकाच मजल्याचा आहे, सोनेरी पडदेचित्रं आहेत आणि चालताना फरशी चिवचिवते. तुळयांना फळ्या धरून ठेवणारे लोखंडी आकडे खिळ्यांवर घासतात, त्याचा तो आवाज. आत फोटोला बंदी आहे. जानेवारी, जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये हा वाडा मंगळवारी बंद असतो. लिफ्टवाला ओसाकाही त्यांच्यासाठी वाईट नाही.

प्रश्न: रेल्वेचा सात दिवसांचा पास घ्यावा का? (ठाण्याहून एक वाचक)

बहुतेकांनी घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत ५०,००० येनवर गेली. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट सुमारे १४,००० येन आहे. जाऊन-येऊन आणि मध्ये हिमेजी धरलं तरी पासाची किंमत वसूल होत नाही. शिवाय सर्वांत जलद ‘नोझोमी’ गाडीला पासावर वेगळे पैसे पडतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेली, तर तोक्यो-ओसाका आणि त्यापुढच्या तोकाइदो-सान्यो शिंकान्सेन मार्गावर सामानाची जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते. राखायला पैसे लागत नाहीत, न राखता चढलात तर १,००० येन भरावे लागतात. आपल्याकडच्या मोठ्या बॅगा सहसा या मापात अडकतात. २५० च्या वरची बॅग चालतच नाही.

प्रश्न: शिराकावागो की त्सुमागो? एकच दिवस हाताशी आहे. (कोल्हापूरहून एक वाचक)

चालायची आवड असेल तर त्सुमागो, नसेल तर शिराकावागो.

शिराकावागोतलं ओगीमाची हे गवती छपरांचं गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ताकायामाहून बसने पन्नास मिनिटं, कानाझावाहून सव्वा तास. काही बसना आसन राखावंच लागतं, ते न करता गेलेले लोक थांब्यावर तासन्‌तास बसलेले दिसतात. छपराचा उतार साठ अंशांच्या आसपास आहे, कारण तिथला बर्फ ओला आणि जड. वरच्या सांगाड्यात खिळा नाही. दोरखंड आणि ओल्या फांद्यांच्या पिळांनी तो बांधलेला असतो, म्हणून वाऱ्यात आणि भूकंपात तो लवतो, मोडत नाही. आतल्या चुलीचा धूर वर जाऊन दोर आणि गवत कीड न लागता टिकवतो. चूल बंद पडलेल्या घराचं छप्पर लवकर कुजतं. शाकारणी तीस-चाळीस वर्षांनी येते आणि सगळं गाव मिळून ती करतं. वादा कुटुंबाचं घर आतून पाहता येतं, तिथे माळ्यावर चढून ही बांधणी हाताच्या अंतरावर दिसते. बाकी घरांत लोक राहतात, अंगणात शिरू नका. गवतामुळे आगीची धास्ती एवढी, की धूम्रपान ठरलेल्या जागीच. गर्दी नको असेल तर जवळच्या गोकायामातली आइनोकुरा आणि सुगानुमा ही दोन, एखाद्या वाडीएवढी गावं पाहा, तीही त्याच यादीत आहेत.

त्सुमागो हे क्योतो आणि एदो, म्हणजे आजचं तोक्यो, यांना जोडणाऱ्या नाकासेंदो या डोंगरवाटेवरचं मुक्कामाचं गाव. गावकऱ्यांनी १९७१ मध्ये ठराव केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेचे खांब नजरेआड आहेत आणि दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे. मागोमे ते त्सुमागो ही आठ किलोमीटरची चाल अडीच-तीन तासांची. मागोमेकडूनच निघा. ते गाव उंचावर असल्याने खिंडीपर्यंतचा चढ थोडा आणि पुढे उतार. उलट निघणारे दमतात आणि दोष वाटेला देतात. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत, त्या वाजवत जायचं. हंगामात पर्यटन कार्यालय बॅग एका गावातून दुसऱ्यात पोचवतं. ती सकाळी साडेअकराच्या आत द्यावी लागते, उशीर झाला तर बॅग पाठीवर. दुकानं चार-पाचला मिटतात आणि बऱ्याच ठिकाणी रोखच चालते.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. या गावांत खायला काय मिळेल? (सोलापूरहून एक वाचक)

अडचण मासळीच्या तुकड्यांची नसते, ती ‘दाशी’ची असते. दाशी म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनितो माशाच्या पातळ काचऱ्यांपासून काढलेलं पाणी. मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, अंड्याची वडी, शिजवलेली भाजी, सगळ्यांत ते असतं. ‘मासे नकोत’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे मासा काढून ठेवतो आणि रस्सा तसाच देतो. म्हणून मांस, मासे, अंडी आणि ‘कात्सुओ दाशी’ चालत नाही, समुद्री शेवाळाची ‘कोंबू दाशी’ चालते, असं जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा. जुन्या गावांतल्या सरायांना हे खोली राखतानाच कळवायचं. संध्याकाळी पोचल्यावर सांगून उपयोग नाही, स्वयंपाक ठरलेला असतो.

क्योतोत ‘शोजिन र्योरी’ हे मठातलं जेवण शाकाहारी असतं. चोवीस तासांच्या दुकानांत उमे हे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, उकडलेलं रताळं, केळी मिळतात. त्सुमागोच्या बाजूला काठीवर भाजलेली गोहेइमोची मिळते, भात कुटून त्याला अक्रोड-तिळाचा सॉस लावलेला. सॉसमध्ये दाशी आहे का, तेवढं विचारा. घरून मेतकूट, दाण्याची चटणी, भाकरवडी न्यायला हरकत नाही. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता नेऊ नका, प्रमाणपत्राशिवाय त्या विमानतळावरच काढून घेतात.

प्रश्न: ढगांच्या समुद्रात तरंगणाऱ्या किल्ल्याचे फोटो पाहिले. तो कुठला? (साताऱ्याहून एक वाचक)

बहुधा दोहोंपैकी एक. ह्योगो प्रांतातला ताकेदा, जिथे आता फक्त दगडी तट उरले आहेत, किंवा ओकायामा प्रांतातला बिच्चू मात्सुयामा, जो बारांपैकी एक. त्याचा तेन्शू ४३० मीटर उंचीवर आहे, बारांत सर्वांत उंच जागी. घोटाळा एकच होतो: लोक पहाटे उठून किल्ल्यावर चढतात आणि ढगात उभे राहतात. ते दृश्य दिसतं समोरच्या डोंगरावरून, आणि दोन्हींसाठी तसे सज्जे केलेले आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर, आदल्या दिवशी ऊन, पहाटे गारठा, वारा नाही, अशा दिवशी सूर्योदयापासून आठपर्यंत. तिथे पहाटे बस नसते, टॅक्सी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. ताकेदाचे अवशेष जानेवारी-फेब्रुवारीत बंद असतात.

बिच्चू मात्सुयामासाठी ओकायामाहून बिच्चू-ताकाहाशी स्टेशन गाठा, तिथून मोटारीने फुइगो खिंड, मग सातशे मीटरची पायवाट, वीस मिनिटांची. सज्जनगड चढणाऱ्याला काहीच नाही. ओकायामात थांबलात तर १७०० मध्ये पूर्ण झालेली कोराकुएन बाग पाहा. पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर केलेलं आहे.

प्रश्न: मुलांना किल्ल्यांचा कंटाळा येतो. काही युक्ती? (मुंबईहून एक वाचक)

शिक्के गोळा करायला लावा. २००६ मध्ये देशातले नामांकित शंभर किल्ले निवडले गेले, २०१७ मध्ये आणखी शंभर. या प्रत्येकाचा शिक्का त्या त्या जागी ठेवलेला असतो आणि तो मारायला पैसे पडत नाहीत. साधी जाड कागदाची वही चालते. आधी रद्दी कागदावर मारून शाई पाहून घ्या, पॅड बहुधा एक तर कोरडं नाही तर थबथबलेलं. शिक्का दर वेळी तेन्शूतच असेल असं नाही. तो तिकीटघरात, संग्रहालयात, कधी स्टेशनजवळच्या पर्यटन कार्यालयातही असतो आणि ते कार्यालय बंद झालं की शिक्काही आत. तिकीट काढतानाच विचारून घ्या.