संध्याकाळी पाच ते साडेसात

पत्र:
"मावशी, माझे मिस्टर मालगाडीवर लोको पायलट आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. ते कधी येणार, कधी जाणार, त्यांनाही माहीत नसतं. गेल्या महिन्यात मुलीचं स्नेहसंमेलन होतं. हे सकाळी ड्यूटीवरून येऊन झोपले होते. संध्याकाळी लॉबीतून, म्हणजे यांना ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसातून, कॉलचा फोन आला, तो मी घेतला आणि 'ते गावाला गेलेत' असं सांगून ठेवून दिला. यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. आठ दिवस आमच्यात अबोला आहे. पण मी ते नुसतं संमेलनासाठी केलं नाही. त्याच्या आधी एकदा हे म्हणाले होते, 'पहाटे दोन सिग्नल कसे गेले आठवतच नाही, हात आपोआप बटण दाबत होता.' तेव्हापासून हे रात्रीचे गेले की माझा डोळा लागत नाही. माझं चुकलं का? नोकरी सोडा म्हणू का?"

प्रिय मुली,

गावाचं नाव तू लिहिलंस, ते मी इथे देत नाही. फोनवर खोटं बोललीस ते चुकलं, हे आधी सांगून टाकते, कारण यापुढचं मला तुझ्या बाजूने बोलायचं आहे. तुझा नवरा 'गावाला गेला' की लॉबीतला माणूस यादीतल्या पुढच्या नंबराला फोन लावतो. तोही कुणाच्या तरी घरात झोपलेला असतो. त्याची झोप अर्धीच झाली असली तर तुझी भीती तू त्याच्या बायकोच्या गळ्यात टाकलीस. पुन्हा असं करू नकोस. नवऱ्याला तसं सरळ सांग, 'चुकलं माझं,' आणि मग दुसरं वाक्य लगेच सांग, 'पण तुम्ही त्या दोन सिग्नलांचं बोललात ना, ते माझ्या डोक्यातून जात नाही.' त्याला बहुतेक हे दुसरं वाक्य माहीतच नसेल. तू संमेलनासाठी हट्ट केलास एवढंच त्याला वाटत असणार.

माझे वडील मालगाडीवर गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. तेव्हा घरी फोन नव्हता. कॉल बॉय सायकलवरून वही घेऊन यायचा, कडी वाजवायचा, वडील झोपेतच सही करायचे. आई डबा भरता भरता पुटपुटत असायची, वडील चिडायचे, आणि आम्ही भावंडं पांघरुणात डोळे मिटून पडलेली. दोघंही एकमेकांवर रागवत, कारण रागवायला समोर दुसरं कुणी नसायचं. तुझ्या घरातही तेच चाललं आहे.

आता जरा हिशेब कर माझ्याबरोबर. आठ तासांची किंवा त्याहून मोठी ड्यूटी झाली की मुख्यालयात, म्हणजे घरच्या गावी, १६ तास विश्रांती आणि बाहेरगावी रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतिगृहात, ८ तास, असा नियम आहे. १६ तास ऐकायला पुष्कळ वाटतात. समज, त्याने सकाळी सहाला साइन ऑफ केलं, म्हणजे ड्यूटी संपवली. घरी येईपर्यंत सात. अंघोळ, खाणं, मुलांशी दोन शब्द, आडवा होईपर्यंत नऊ. बाहेर ऊन, भाजीवाला, शेजारचा मिक्सर, तुझा तीन वर्षांचा. दिवसाची झोप मुळातच रात्रीइतकी टिकत नाही, एक वाजता डोळे उघडतात. रात्री आठला कॉल, दहाला साइन ऑन, म्हणजे ड्यूटी सुरू. कागदावर विश्रांती पुरी झाली. पण दुपारी एकला उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सलग १७ तास जागा असतो, आणि त्यातले शेवटचे आठ तास तो इंजिनात असतो.

हा १७ चा आकडा मी उगाच काढला नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं झोपेच्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे. लॉबीत साइन ऑन करताना तुझ्या नवऱ्याला दारू तपासायच्या यंत्रात फुंकावं लागतं. झोप अपुरी आहे हे दाखवणारं यंत्र तिथे नाही. ते त्याला स्वतःलाच सांगावं लागतं, आणि पगार, माइलेज म्हणजे किलोमीटरवर मिळणारा भत्ता, साहेबांची मर्जी, घरचे हप्ते हे सगळं डोक्यात असताना ते सांगणं किती कठीण असतं ते तुला माहीत आहे.

'हात आपोआप बटण दाबत होता' याचा अर्थही नीट समजून घे. इंजिनात सतर्कता यंत्र असतं. चालकाने मिनिटभर काहीच केलं नाही तर आधी दिवा लागतो, मग आवाज होतो, आणि तरी काही केलं नाही तर ब्रेक लागतो. पण हाताला सवय झाली की मेंदू काही सेकंद झोपलेला असतानाही बोट बटणावर पडतं. डोळे उघडे असतात. ताशी ६० किलोमीटरने दहा सेकंदांत गाडी दीडशे मीटरहून जास्त पुढे जाते, आणि भरलेला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, काही जागच्या जागी थांबत नाही. २ जून २०२४ च्या पहाटे पंजाबात सरहिंदजवळ एक मालगाडी उभ्या मालगाडीवर आदळली. चालक आणि सहचालक दोघांनाही झोप लागली होती, असं चौकशीत पुढे आलं. ते दोघेही जखमी झाले. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तुझी भीती वेडी नाही, एवढंच तुला कळावं.

मग करायचं काय? दिवसभरातली सर्वांत मोलाची झोप संध्याकाळी पाच ते साडेसातची. रात्रीचा कॉल येण्याची शक्यता असेल तेव्हा ही दुसरी झोप झालीच पाहिजे. नेमकी हीच वेळ घराला तो हवा असतो, मुलं शाळेतून आलेली असतात, तुलाही दिवसभराचं बोलायचं असतं. मला ठाऊक आहे मी तुझ्याकडे काय मागते आहे. पण एकला उठलेला माणूस पाचला पुन्हा दोन तास झोपला, तर पहाटेचं चित्र बदलतं. मुलांना तेवढा वेळ मैदानावर ने, शेजारणीकडे पाठव. त्याला उठल्यावर घर सोडायच्या आधी अर्धा तास मोकळा मिळू दे, कारण झोपेतून उठल्या उठल्या डोकं जड असतं. खोलीच्या खिडकीला जाड गोधडी लाव. कूलर उन्हाळा नसला तरी चालू ठेव, त्याच्या घरघरीत बाकीचे आवाज बुडतात. दाराची बेल काढून ठेव. फोनवर लॉबीचा नंबर तेवढा वाजू दे. तो फोन तू घेतलास तरी एकाच कामासाठी, त्याला उठवायला.

मुलीला यात घे. तिला एका पुठ्ठ्यावर मालगाडी काढायला सांग, 'बाबा झोपलेत' असं मोठ्या अक्षरांत लिहू दे आणि दारावर टांगायचं काम तिचंच ठेव. सात वर्षांचं मूल असं काम फार मनावर घेतं.

चहा रात्री दोनला ठीक आहे. घरी परतायच्या आधी दोन-तीन तासांत नको, कारण त्याचा अर्धा अंमल पाच-सहा तास राहतो आणि सकाळची झोप खातो. आणखी एक, तो घोरतो का? घोरता घोरता श्वास अडकून दचकतो का? तसं असेल तर रेल्वेच्या डॉक्टरांकडे उद्याच जा. तो झोपेचा आजार असू शकतो, त्याला उपचार आहेत.

नवऱ्याने त्याच्या बाजूने दोन गोष्टी कराव्यात. पहाटेचा तो प्रसंग त्याच्या लोको इन्स्पेक्टरला, म्हणजे चालकांवर देखरेख करणाऱ्या साहेबाला, सांगावा. कठीण आहे, पण नवरा-बायकोच्या उशाशी पडून राहण्यासारखी ती गोष्ट नाही. आणि महिनाभर एका वहीत साइन ऑन, साइन ऑफ, प्रत्यक्ष झोप हे तीन आकडे लिहावेत. अंग साथ देत नसेल तर कॉल आल्यावर, साइन ऑनच्या आधी, स्वतःच्या तोंडाने सांगावं. गाडीत बसल्यावर उशीर झालेला असतो. चालकांच्या कुटुंबांसाठी समुपदेशनाच्या बैठका होतात, तिथे तू जा आणि हा १७ तासांचा हिशेब उभी राहून मांड. तिथल्या अर्ध्या बायकांच्या मनात तेच असेल.

वही संघटनेलाही उपयोगी पडेल. ड्यूटी दहा तासांची असावी म्हणून लोको कर्मचाऱ्यांनी १९७३ च्या ऑगस्टमध्ये संप केला होता. आठवड्याची ३० तासांची सुट्टी रोजच्या १६ तासांना जोडून ४६ तास मिळावी, म्हणून केरळातल्या लोको पायलटांनी जून २०२४ मध्ये आंदोलन केलं. हे भांडण इतकं जुनं आणि इतकं मोठं आहे. ते तुमच्या दोघांच्या स्वयंपाकघरात सुटणार नाही, तिथे त्याला जागाही देऊ नका.

वेळेचा ठिकाणा नसणं हे मालगाडीच्या पोटातच आहे. एक्सप्रेसला वेळापत्रक असतं. कोळशाचा रेक चंद्रपूरकडच्या खाणीत कधी भरून होईल, वाटेत किती गाड्यांना पुढे काढण्यासाठी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभा राहील, वीजकेंद्रावर कधी रिकामा होईल, यावर तुझ्या घरचं जेवण ठरतं. म्हणून नोकरी सोडण्याचा विचार आज नको. मालगाडीनंतर पॅसेंजर, मग मेल-एक्सप्रेस, अशी बढती असते, आणि तिथे लिंक, म्हणजे ड्यूट्यांचा क्रम, ठरलेली असते, कधी जाणार कधी येणार ते आधी कळतं. ती किती वर्षं लांब आहे ते त्याला विचार. सगळं करूनही पहाटेचं तसंच चालू राहिलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हलकं काम मागता येतं का, ते बघा. नोकरीचं बोलणं त्याच्यानंतर.

तुझ्यासाठीही एक मागणं आहे. पत्रात तू स्वतःविषयी एकच ओळ लिहिलीस, डोळा लागत नाही ही. तो रात्रीचा गेला की कॉलनीतल्या एखादीला सोबतीला बोलाव, नाहीतर आईला महिनाभर आणून ठेव. आणि सण त्याच्या हजेरीवर टांगू नकोस. तो घरी असेल त्या दिवशी पुरणपोळी कर, मग तो मंगळवार असो की काही.

स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ काढला असशीलच. तो अजून त्याने पाहिलेला नसणार. आजउद्या त्याची झोप पुरी झाली, की मुलीलाच त्याच्या शेजारी बसव आणि दाखवायला सांग.

तुझी,
मावशी