आधी साताऱ्याला फोन

न्यू जर्सीहून एक जण लिहिते, 'मावशी, ह्यांना इकोमध्ये हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी निघाली. दोन्ही मुलांची जनुक चाचणी लगेच करायची म्हणते. गावी मात्र कुणाला कळू दिलेलं नाही, सासूबाईंना सोसणार नाही.'

पोरी, पोटात गोळा आला असणार, कळतं मला. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार घराण्यात उतरू शकतो. पण चाचणी आधी मुलांची नाही, नवऱ्याची. त्याच्या जनुकात आजाराला कारण असलेला बदल सापडला, तरच मुलांमध्ये नेमका तोच शोधता येतो. नाही सापडला, तर मुलांना अधूनमधून इको-ईसीजी करावेच लागतात. सापडला, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के. ज्याच्यात नाही, तो त्या फेऱ्यांतून सुटला. ज्याच्यात आहे, त्याला आजार होईलच असंही नाही.

आणि गावी सांगायचं नाही म्हणजे काय गं? तूच पुढे लिहितेस, 'धाकटे दीर ३४ व्या वर्षी शेतात कोसळले, अटॅक म्हणाले.' त्या दिरांची मुलं साताऱ्यात शाळेच्या संघात कबड्डी खेळतायत! त्यांच्या आईला हे कोण सांगणार? शिवाय हकिकत तुम्हालाही हवीच आहे. या आजाराशी जोडलेल्या एमवायबीपीसी३ या जनुकातला एक बदल भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत आढळतो, म्हणजे तो सापडला एवढ्यावरून सगळं कळत नाही. कोण गेलं, कितव्या वर्षी, आधी भोवळ यायची का, हे ठाऊक नसेल तर नुसत्या रिपोर्टवरून अर्थ लावणं अवघड.

माझ्या माहेरी थोरले काका अचानक गेले, तेव्हा 'कामाचा ताण' म्हणून विषय मिटवला. पुढे चुलतभाऊ मैदानावर भोवळ येऊन पडला. हृदयाची मधली भिंत जाड निघाली, तेव्हा कुठे काकू बोलली, काकांनाही जिना चढताना अशीच भोवळ यायची. मग त्याच काकूने वहीच्या पानावर सगळ्या नातवंडांची नावं-वयं लिहून डॉक्टरांपुढे ठेवली. म्हाताऱ्या माणसांना सोसतं गं, आपणच त्यांना कच्चं समजतो.

चाचणीचा निकाल विम्याच्या आड येईल का, असंही विचारलंस. अमेरिकेतला २००८ चा कायदा आरोग्य विमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला नाही. चाचणीआधी जेनेटिक काउन्सेलरशी, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाशी बोलून घे. मुलांचं सॉकर चालू ठेवायचं की नाही, ते हृदयरोगतज्ज्ञांनाच विचार.

या रविवारी नवऱ्यालाच फोन करू दे, आधी जावेला, मग आईंना. तिथल्या मुलांचे इको-ईसीजी लगेच होऊ देत, त्यासाठी जनुकाच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. तो आला की त्याची पूर्ण प्रत पाठवा. जनुकाचं आणि बदलाचं नेमकं नाव असल्याशिवाय साताऱ्याच्या डॉक्टरांना पुढची चाचणी सांगता येणार नाही.