वाचक विचारतात : पिरॅमिडच्या पुढचं इजिप्त आपल्या ठाण्यात

मागच्या महिन्यात या पानावर इजिप्तच्या आधुनिक चित्र-शिल्पांबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की ठाणे-नवी मुंबईत कुणाला याचं छोटंसं प्रदर्शन, गप्पा, असं काही करायचंय का. पत्रं आणि मेल मिळून इतकं आलंय की सगळं छापणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीयत, प्रत्येकाखाली माझं उत्तर.

ताई, पाचपाखाडीत आमच्या सोसायटीतले आम्ही बारा-पंधरा जण दर महिन्याला वाचन आणि गप्पांसाठी जमतो, बहुतेक सगळे रिटायर्ड. क्लबहाऊसमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन आणि एक व्याख्यान करावं असं मनात आहे. पण ज्याला सांगावं तो विचारतो, ‘ममी आणि पिरॅमिड का?’ सुरुवात कुठून करायची? आणि मूळ चित्रं आणता येतात का?

काका, सुरुवात इजिप्तपासून करूच नका, सासवण्यापासून करा. अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर, जन्म १८९१. लहानपणी कोळशानं भिंतीवर चित्रं काढायचे, ते रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरच्या नजरेत भरलं आणि त्यानं या पोराला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. आता नाईलच्या खोऱ्यातल्या एका खेड्यातला मुलगा घ्या, महमूद मुख्तार, जन्म १८९१च. हा कालव्याच्या काठची माती घेऊन बाहुल्या करायचा. १९०८ मध्ये कैरोत प्रिन्स युसूफ कमाल यांनी ललित कलांची शाळा काढली, फी नव्हती, मुख्तार तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक आणि तिथून पुढे पॅरिस. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा जो अश्वारूढ ब्राँझचा पुतळा आहे तो करमरकरांचा, त्याचं अनावरण जून १९२८. आणि कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर मुख्तारचं ‘नहदत मिस्र’, म्हणजे इजिप्तची जाग, त्याचं अनावरण मे १९२८. एकाच वर्षी जन्मलेले दोन खेड्यातले मुलगे, दोन्हीकडे इंग्रजांचं वजन छातीवर, आणि दोघांची सगळ्यात मोठी कामं एका महिन्याच्या अंतरानं लोकांसमोर येतात. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खरंच.

तर पहिले दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे, हे आणि ते. मग बघणाऱ्यांना विचारायचं, इथे राजा घोड्यावर आहे, तिथे कोण आहे? तिथे एक शेतकरीण उभी आहे. एका हातानं डोक्यावरचा पदर बाजूला सारतेय आणि दुसरा हात शेजारच्या स्फिंक्सच्या (सिंहाचं अंग, माणसाचं डोकं) डोक्यावर, आणि तो स्फिंक्स पुढच्या पायांवर उठू लागलाय, हजारो वर्षं बसलेला प्राणी उठतोय. हे सगळं गुलाबी ग्रॅनाइटमध्ये. याचा नमुना पॅरिसला १९२० मध्ये मांडला गेला, १९१९ चा इंग्रजांविरुद्धचा उठाव नुकताच झालेला, बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. मग वर्तमानपत्रांतून आवाहन झालं, लोकांनी वर्गणी दिली, अगदी साध्या माणसांनीसुद्धा, उरलेला भार सरकारनं घेतला. वर्गणी काढून उभं केलेलं स्मारक म्हटलं की आपल्या माणसाला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि तुमच्या त्या ‘ममी-पिरॅमिड का’चं उत्तरही याच पुतळ्यात आहे. १९५५ मध्ये ‘नहदत मिस्र’ स्टेशनसमोरून उचलून कैरो विद्यापीठाच्या रस्त्यावर नेलं आणि त्या चौकात कोण आणून बसवला तर दुसरा रामसेस, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा राजा! चौकाचं नावच रामसेस चौक झालं. तो २००६ पर्यंत तिथेच होता, मग धुरानं आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी दगड खराब होतो म्हणून गिझाकडे हलवला. म्हणजे खुद्द कैरोतसुद्धा नव्या कलेला जुन्यासाठी जागा सोडावी लागलीय, तर पाचपाखाडीत लोकांना फक्त ममी आठवली यात त्यांची काय चूक.

मूळ चित्रांचा विचार सध्या बाजूला ठेवा. विमा, कस्टम्स, हवेतला दमटपणा सांभाळणारी खोली, यातलं काहीच क्लबहाऊसमध्ये होणारं नाही आणि ठाण्याचा पावसाळा तर कॅनव्हासचा शत्रू. चांगल्या प्रिंट काढा, सनबोर्डवर लावून घ्या, लॅमिनेशन मॅटच सांगा, ग्लॉसी केलं की ट्यूबलाइट चमकते आणि चित्राऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. आणि कमी लावा हो. आम्ही नौपाड्यात पहिल्यांदा केलं तेव्हा तीस प्रिंट लावल्या होत्या, लोक लग्नाचा अल्बम चाळावा तशी एक फेरी मारून चहाकडे वळले. दुसऱ्या वेळी नऊच लावल्या, प्रत्येकीखाली मोठ्या अक्षरात चार ओळी मराठीत, आणि समोर खुर्च्या. एक आजी एकाच चित्रासमोर वीस मिनिटं बसल्या होत्या, आणि माझ्या हिशेबात त्या दिवशी प्रदर्शन तिथेच यशस्वी झालं.

व्याख्यानात आधी दहा मिनिटं काही बोलू नका. एक चित्र पडद्यावर ठेवा आणि काय दिसतंय ते लोकांनाच सांगू द्या, माहिती नंतर. मुंबईत इजिप्तचं वाणिज्य दूतावास आहे, तिकडे दोनेक महिने आधी साधं, नीट पत्र पाठवा, काय करतोय, कुठे, किती लोक. कुणी बोलायला आलं तर उत्तम, नाही आलं तरी कळवल्याचं समाधान. आणि सोसायटीत जमलं तर पुढच्या खेपेला कापूरबावडीच्या कलाभवनाची चौकशी करा, तिथे बाहेरचे लोक येतील.

मी खारघरला अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असल्या एका प्रदर्शनाचं डिझाइन माझ्याकडे आलंय. नेटवरून चित्रं घेऊन छापली तर कॉपीराइटचा लोचा होईल का?

विचारलंस ते फार बरं केलंस, हे मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत. आपल्याकडे कलाकार गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. मुख्तार १९३४ मध्ये गेला, अलेक्झांड्रियाचा चित्रकार महमूद सईद १९६४ मध्ये, ही दोघं मोकळी. चित्रकार अब्देल हादी अल-गझ्झार १९६६ मध्ये गेला, म्हणजे आपल्या हिशेबानं २०२६ संपेपर्यंत विचारूनच वापर. इंजी एफ्लातून १९८९ आणि गझबिया सिरी तर २०२१, या दोघींची चित्रं परवानगीशिवाय नको, त्यांच्या वारसांना किंवा ज्या म्युझियमकडे चित्र आहे त्यांना मेल कर. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते, मुख्तारचा पुतळा मोकळा असला तरी त्याचा फोटो कुणीतरी काढलेला असतो, त्या फोटोचा हक्क वेगळा.

घोडबंदर रोडला राहतो. तुमच्या लेखाआधीच मी आणि मित्रांनी आधुनिक अरब चित्रकलेवर एक टॉक ठेवला होता, पोस्टर, व्हॉट्सअॅप, सगळं केलं, अकरा जण आले. वर एकानं सुनावलं की आपल्या चित्रकारांना कोणी विचारत नाही आणि तुम्हाला इजिप्तचं पडलंय. मला उत्तर देता आलं नाही. परत करावं का?

करा. त्या गृहस्थांचं म्हणणं अर्ध खरं आहे आणि ते अर्ध मलाही बोचतं. इथे चित्र विकून घर चालवणारे चित्रकार मोजकेच, बाकीचे क्लासेस घेतात, इंटिरियरची कामं करतात आणि रात्री रंगवतात. पण म्हणून दुसऱ्याचं बघायचं नाही हे मला पटत नाही, उलट दुसऱ्याचं बघितलं की आपल्या माणसाचं काय चाललंय ते कळायला लागतं. 

गझ्झारचीच गोष्ट घ्या. कैरोच्या सय्यिदा झैनब या जुन्या दाटीवाटीच्या वस्तीत वाढलेला मुलगा, जत्रा, गंडेदोरे, ताईत, फकीर, अंगात येणं, हे सगळं त्यानं रोज पाहिलेलं. हुसेन युसूफ अमीन नावाचे शिक्षक होते, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १९४६ मध्ये ‘समकालीन कला गट’ काढला, त्यात गझ्झार आणि हामेद नदा दोघं. त्यांचं सांगणं साधं होतं, युरोपची नक्कल पुरे, तुमच्या गल्लीत काय आहे ते काढा. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, आपल्या मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. दोन्ही देशांत तरुण पोरं एकाच वेळी एकच भांडण भांडत होती. गझ्झारनं १९४८ मध्ये एक चित्र काढलं, ओळीनं उभी राहिलेली गरीब माणसं आणि त्यांच्यासमोर रिकामी भांडी, बस एवढंच. त्यासाठी त्याला आणि त्याच्या शिक्षकांना, दोघांनाही पकडलं. सोडवायला कोण धावलं तर मोहम्मद नागी आणि महमूद सईद, दोघंही नावाजलेले ज्येष्ठ चित्रकार. सईद तर इजिप्तची राणी फरीदा हिचे मामा, कोर्टात न्यायाधीश होते आणि १९४७ मध्ये ती नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं काढायला लागलेले, म्हणजे वरच्या वर्तुळातला माणूस एका भुकेच्या चित्रासाठी शब्द टाकतो. आणि इंजी एफ्लातून, जमीनदार घरातली मुलगी, डावी कार्यकर्ती, १९५९ ते १९६३ तुरुंगात, तिथे तिनं बरोबरच्या कैदी बायका रंगवल्या आणि भिंतीपलीकडे दिसणारं झाड पुन्हा पुन्हा रंगवलं.

हे त्या अकरा जणांना सांगितलं होतंत का? माझा अंदाज, तुमचा टॉक ‘आधुनिकतावादाचे प्रवाह’ वगैरे अंगानं गेला असणार. प्रवाह ऐकायला लोक येत नाहीत, रिकाम्या भांड्यांच्या चित्राबद्दल ऐकायला येतात. पुढच्या वेळी ठाण्यातल्याच एखाद्या चित्रकाराला किंवा चित्रकर्तीला बोलवा, मानधन द्या, कमी असलं तरी पाकिटात घालून द्या, आणि सांगा की गझ्झारचं एक चित्र तुम्ही तुमच्या नजरेनं उलगडून दाखवा, आणि समोरच्या भिंतीवर तुमची स्वतःची दोन-तीन मूळ कामं लावा, किमतीच्या चिठ्ठीसकट. ज्यांनी सुनावलं त्यांनाच पहिलं आमंत्रण द्या. वेळ रविवारी सकाळी दहाची ठेवा, संध्याकाळी ट्रॅफिकमधून घोडबंदरला कोण येणार.

मी नेरूळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, सातवी-आठवी. मुलांना इजिप्त म्हटलं की पिरॅमिडचे त्रिकोण काढतात. वार्षिक कलाप्रदर्शनात वेगळं काय करता येईल?

बाई, तुमच्यासाठी हर्रानिया. पिरॅमिडपासून फार लांब नाही हे गाव. रामसेस विसा वासेफ नावाचे आर्किटेक्ट होते, त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं १९५० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांना माग दिले, लोकर दिली. नियम तीन, आधी कागदावर चित्र काढायचं नाही, कुणाची नक्कल करायची नाही, आणि मोठ्यांनी मुलांच्या कामावर शेरे मारायचे नाहीत. मुलं सरळ मागावरच विणायची, खालून वर, झाड, बगळे, गाढव, नदी, जे डोक्यात येईल ते. रंगही निळीसारख्या वनस्पतींचे. ती विणलेली चित्रं जगभर फिरली आणि त्या केंद्राला १९८३ मध्ये वास्तुकलेचं आगा खान पारितोषिक मिळालं. 

हे तुमच्या वर्गात अगदी होण्यासारखं आहे. जाड पुठ्ठ्याला वर-खाली कात्रीनं खाचा पाडा, सुतळीचे उभे धागे ताणा, आडवी जुनी लोकर आणि कापडाच्या पट्ट्या. मुलांना सांगा, नेरूळमध्ये रोज दिसतं ते विणा, खाडी, फ्लेमिंगो, लोकल, कांदळवन. आणि तो तिसरा नियम पालकसभेत मोठ्यांदा वाचून दाखवा, कारण आपल्याकडे ‘बगळ्याचा पाय वाकडा आलाय’ असं म्हणणारे पालकच जास्त. मुलांच्या विणकामाशेजारी हर्रानियाचे दोन-तीन फोटो लावले की पुरे. वारली चित्रं तर मुलांनी पाहिलेलीच असतात, तो धागा जोडून दिलात तर त्यांना आणखी जवळचं वाटेल.

ऐरोलीहून लिहितेय. नोव्हेंबरमध्ये ग्रुप टूरनं इजिप्तला चाललोय, आठ दिवस. टूरवाल्यांच्या यादीत आधुनिक कला अजिबात नाही. वेळ काढून काय बघू?

कैरोत अर्धा दिवस मोकळा मागून घ्या. नाईलमधलं गेझिरा बेट, तिथे ऑपेरा हाऊसच्या आवारातच आधुनिक इजिप्शियन कलेचं म्युझियम आहे, आणि जवळच मुख्तारचं म्युझियम, ते १९६२ चं, त्याची इमारत वर सांगितलेल्या विसा वासेफांनीच केलीय. दोन्हीकडे जाण्याआधी हॉटेलमधून फोन करून उघडं आहे का ते विचारा, तिथली म्युझियम्स दुरुस्तीला बंद असतात अधूनमधून. पिरॅमिडला तर जाणारच आहात, तिथे २०२१ पासून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पिरॅमिडसमोर वाळूत आजच्या कलाकारांची मोठमोठी कामं मांडतात, तुमच्या तारखा जुळतायत का बघा. अलेक्झांड्रिया असेल तर महमूद सईद यांच्या राहत्या घराचं म्युझियम झालंय, तिथेच वान्ली बंधूंची चित्रंही आहेत, ते चुकवू नका.

आणि गिझाकडे जाताना बसवाल्याला कैरो विद्यापीठाच्या रस्त्यानं न्यायला सांगा, ‘नहदत मिस्र’ खिडकीतूनसुद्धा दिसतं. उतरता आलं तर शेतकरणीचा स्फिंक्सवरचा हात जवळून, बाजूनं, असे तीन-चार फोटो काढा आणि मला पाठवा. तुमचे स्वतःचे फोटो म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही, पाचपाखाडीच्या काकांना मोठे करून लावता येतील.