वेंडेल स्कॉटची ट्रॉफी दुसऱ्याला गेली, ती चुकून की मुद्दाम?

तुमचा प्रश्न असा : १९६३ साली अमेरिकेतल्या जॅक्सनविलची स्टॉक कार शर्यत (साध्या विक्रीच्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांची) वेंडेल स्कॉट या काळ्या ड्रायव्हरने जिंकली, तरी ट्रॉफी बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरला दिली. ही मोजणीतली चूक होती की मुद्दाम केलं? आणि स्कॉटची गाडी कोणती होती?

मी स्वतः एकदा फेऱ्या मोजायला बसलो होतो, म्हणून लिहितोय. मोजणीत चुका होतात. पण दोन फेऱ्या पुढे असलेला गडी कुणालाच दिसला नाही, हे मला पटत नाही.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातला अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकलं. पेटीची गाडी तेव्हा त्रास देत होती. स्कॉटच्या २०० भरल्या तरी शर्यत संपल्याचा झेंडा पडेना, म्हणून तो गाडी पळवतच राहिला. झेंडा पडला तो बेकरसाठी. ट्रॉफी, फोटो, सगळं बेकरचं. दोन-एक तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केलं की स्कॉट जिंकला होता, तोही दोन फेऱ्यांनी. तोवर मैदान रिकामं झालं होतं. त्या काळी मोजणी हातानेच व्हायची : माणसं कार्डं घेऊन बसायची आणि दर फेरीला घड्याळातली वेळ लिहायची. स्कॉट मात्र कायम म्हणत आला की सगळ्यांना माहीत होतं. काळ्या माणसाने गोऱ्या सौंदर्यराणीकडून बक्षीस घ्यावं, हे त्यांना नको होतं. मी स्कॉटच्या बाजूचा आहे.

आता माझं. १९९१, २६ जानेवारी, आमच्या तालुक्याच्या गावी सायकल शर्यत, शाळेच्या मैदानाला ५० फेऱ्या. मी बारावीत होतो. चुन्याच्या रेघेपाशी सतरंजीवर दोनशेपानी वही घेऊन बसलो होतो. दर फेरीला एक उभी रेघ, पाचवी आडवी. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला एक पोरगा होता, बापाचं पंक्चरचं दुकान. छातीवरचा नंबर टाचणीने लावलेला, तो वाऱ्याने सारखा दुमडायचा, म्हणून माझ्यासमोर आला की एका हाताने सरळ करायचा. मला वाचता यावा म्हणून! माझ्या वहीत त्याच्या ५० भरल्या तेव्हा दुसऱ्याच्या ४८ होत्या. हा दुसरा देणगीदाराचा पुतण्या. माइकवर नाव त्याचं पुकारलं.

मी वही घेऊन मांडवात पळालो. मोजणीचा प्रमुख माझा थोरला मावसभाऊ. त्याने पान बघितलं, पाहुण्यांच्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाहुण्यांना निघायचंय, मागनं बघू." संध्याकाळी पंक्चरच्या दुकानात पाकीट पोचवलं, पैसे पूर्ण. ढाल पुतण्याच्या घरी राहिली. मी गप्प बसलो.

दादा आजही म्हणतो, "पैसे तर दिले ना त्याला?" दिले. स्कॉटच्या नावावरही विजय लागलाच की! पण १९९० साली तो वारला तेव्हा त्या विजयाची ट्रॉफी घरात नव्हती. २०१० मध्ये जॅक्सनविलच्या लोकांनी घरच्यांना तिची प्रतिकृती दिली, आणि स्टॉक कार शर्यतींची संस्था नॅस्कार, तिने स्वतः ट्रॉफी दिली ती २०२१ मध्ये. माणूस जाऊन ३० वर्षं उलटल्यावर. मांडवात शंभर माणसांदेखत जे द्यायचं, ते पाकिटात घालून अंधारात देता येत नाही, दादा. तुम्ही कधी पंच म्हणून बसलात तर पाहुण्यांची गाडी थांबवा, माइक हातात घ्या आणि नाव दुरुस्त करून सांगा. पाच मिनिटं लागतात.

एक सांगायला हवं : कार्डांवर बसलेला प्रत्येक जण लबाड होता असं मी म्हणत नाही. धुळीत नंबर खरंच दिसत नाहीत. आणि बेकर मोठा ड्रायव्हर होता, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही.

गाडी १९६२ची शेव्हरोले, नंबर ३४. स्कॉट स्वतः मेकॅनिक होता, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. दुरुस्ती स्वतः आणि पोरांच्या मदतीने करायचा. इंजिनाचं जाणकारांना विचारा.

आमच्या शर्यतीची वही माझ्याकडे आहे. रेघा पेन्सिलीच्या आहेत, पण मोजता येतात. दादाने यावं आणि मोजावं.