मूत्राशयाची रोबोटिक शस्त्रक्रिया: मुदत ठेव मोडावी का?

कोपरखैरणे येथील एका वाचकाच्या 68 वर्षांच्या वडिलांचा कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचला असून केमोथेरपी पूर्ण झाली आहे. मूत्राशय काढण्यासाठी पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचा अंदाज साडेचार लाखांचा, तर रोबोटिकचा, म्हणजे सर्जनने लहान छिद्रांतून यंत्राच्या हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेचा, आठ लाखांचा मिळाला आहे. वरच्या साडेतीन लाखांसाठी आठ लाखांची मुदत ठेव मोडावी का, असे त्यांनी विचारले आहे.

आपण पाठवलेल्या पॉलिसीच्या प्रतीत रोबोटिक शस्त्रक्रियेला विमा रकमेच्या 50 टक्क्यांची उपमर्यादा आहे. म्हणजे पाच लाखांपैकी अडीच लाखच मिळतील आणि साडेपाच लाख घरातून जातील. पोट उघडून केल्यास, खोलीभाड्याची मर्यादा पाळली तर, हातमोज्यांसारख्या, विम्यातून भरपाई न मिळणाऱ्या वस्तूंचाच खर्च आपल्यावर येईल.

या साडेपाच लाखांत नेमके काय मिळते, हे पाहणे आवश्यक आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दोन वर्षे आजार न बळावलेल्या रुग्णांचे प्रमाण रोबोटिकमध्ये 72.3 टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेत 71.6 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. 2022 च्या ब्रिटनमधील चाचणीत पहिल्या 90 दिवसांपैकी रोबोटिकचे रुग्ण 82 आणि उघड्या शस्त्रक्रियेचे 80 दिवस रुग्णालयाबाहेर होते. रक्तस्राव, जखमेचे त्रास आणि रक्ताच्या गुठळ्या रोबोटिकमध्ये कमी आढळतात आणि या वयात ते महत्त्वाचे आहे; परंतु कर्करोग बरा होण्याची शक्यता वाढेल या समजुतीने ठेव मोडू नये.

म्हणून, सर्जनने वडिलांच्या प्रकृतीचे ठोस कारण देऊन रोबोटिकचा आग्रह धरला नसेल, तर मी उघडी शस्त्रक्रियाच सुचवीन, अर्थात ती नियमितपणे करणाऱ्या सर्जनकडून. दुसरे मत खारघरच्या टाटा स्मारक केंद्रात घेता येईल. पुढे मूत्राशय काढल्यामुळे लागणाऱ्या पोटावरील लघवीच्या पिशव्या, सीटी स्कॅन आणि तपासण्या वर्षानुवर्षे चालतील आणि त्यांतील बराचसा खर्च रोखीने करावा लागेल. ठेव त्यासाठी राहू द्यावी.

रोबोटिकच करायचे ठरल्यास वैयक्तिक कर्ज टाळून ठेवीवरच ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर गरजेपुरती उचल, घ्यावा. त्याचा व्याजदर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. वडिलांच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला हात लावू नये, कारण घरखर्च तिच्या तिमाही व्याजावर चालतो.

दोन्ही अंदाजपत्रके याच आठवड्यात टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, पाठवून मंजूर होणारी रक्कम लेखी घ्यावी. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख मात्र पुढे ढकलू नये.