पोटरीतल्या उडणाऱ्या गाठीबद्दल

ताई, हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग, तीन आठवडे अँटिबायोटिक, ताप उतरलेला आणि आता वडिलांच्या पोटरीत दुखरी गाठ. सीटी अँजिओग्राफीत गुडघ्याखालच्या धमनीचा ‘मायकॉटिक अॅन्युरिझम’, म्हणजे संसर्गाने धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, निघालाय. औषधाने बसेल का आणि ऑपरेशनने पाय जाईल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ‘मायकॉटिक’ शब्दाची भीती काढून टाका. आम्हीही रिपोर्ट वाचून बुरशी समजलो होतो. विल्यम ऑस्लर यांनी 1885 मध्ये हे नाव दिलं, ते बुरशीसारख्या दिसणाऱ्या आकारावरून. बहुतेक वेळा कारण बुरशी नसून जिवाणू असतात. झडपेवरच्या संसर्गाचा बारीक तुकडा रक्तातून वाहत जातो, धमनीला फाटा फुटतो तिथे अडकतो आणि भिंत कुजवतो. भिंत फाटली की रक्ताला भोवतालचं मांसच धरून ठेवतं. मांडीच्या धमनीत हे त्यातल्या त्यात जास्त दिसतं, गुडघ्याखाली क्वचित. त्यामुळे चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

भावाला रात्री ठणका लागायचा. लिंबाएवढी गाठ होती, वरची कातडी गरम. एकाने गळू म्हणून चिरा द्यायचं ठरवलं, दुसऱ्याने शिरेत गुठळी म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुचवलं. वहिनीने तेल लावायला हात ठेवला आणि दचकून काढला. गाठ मनगटाच्या नाडीसारखी उडत होती. त्याच दुपारी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाला. चिरा दिला असता तर रक्त आवरलं नसतं. तुम्हीही तिथे चोळू नका, शेक नको, पोटीस नको.

नुसत्या औषधावर थांबणं फार लहान फुग्याला कधीकधी चालतं, तेही वरचेवर स्कॅन करून. दुखणारा, वाढणारा फुगा कधी फुटेल याचा नेम नसतो. तो बहुतेक वेळा काढावाच लागतो.

आता पायाचं. गुडघ्याखाली तीन धमन्या असतात. भावाचा फुगा त्यांतल्या दोघींच्या सामाईक खोडावर होता, पण पुढची धमनी पावलापर्यंत मोकळी होती. सर्जननी फुगा काढून खोड बांधून टाकलं, बायपास लागलाच नाही. पुढची धमनी पुरेशी नसती, तर त्याच्याच पायातली शीर काढून जोडणार होते. संसर्गाच्या जागी कृत्रिम नळी शक्यतो टाळतात, जंतू तिच्यावर घर करतात. ऑपरेशननंतर पुढे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चाललं. काढलेली भिंत कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवली होती, औषध त्यावरून पक्कं केलं. आज तो जिना चढतो.

व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना उद्याच विचारा: बाकीच्या धमन्या पावलापर्यंत जातात का, ब्लड कल्चरमध्ये कोणता जंतू आला, आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा केव्हा. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन झालाय का, हेही विचारा. असे फुगे एकाहून जास्त ठिकाणी असू शकतात. एकदम डोकं दुखलं, पाऊल गार किंवा पांढरं पडलं, पोटरी दगडासारखी घट्ट झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवा.