कीबोर्ड सोडायची तयारी

प्रिय मित्रा,

तुमची टीम आयसीपीसीच्या, म्हणजे कॉलेजांच्या जागतिक प्रोग्रामिंग स्पर्धेच्या, वर्ल्ड फायनल्सला चालली, हे कळलं त्या रात्री आनंदाने मला झोपच लागली नाही. सकाळी तुझा मेसेज पुन्हा वाचला. उरलेल्या सहा आठवड्यांत फ्लोच्या (जाळ्यातून प्रवाह नेण्याच्या) प्रॉब्लेमवर जास्त भर द्यायचा की जॉमेट्रीच्या (भूमितीच्या), असं तू विचारलं आहेस. दोन्ही करा. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या तिघांच्या तीन लॅपटॉपपैकी दोन बंद करून कपाटात ठेवा.

तिघे जण, एक कॉम्प्युटर, पाच तास. आयसीपीसीचा हा नियम तुला पाठ आहे, पण तो अजून तुमच्या अंगवळणी पडलेला नाही. मागचे दोन महिने तुमचा सराव मी बघतोय. तिघे तीन स्क्रीनसमोर बसता, कुणाचं एसी (अ‍ॅक्सेप्टेड, म्हणजे उत्तर मान्य) झालं की टाळी देता आणि पुन्हा आपापल्या कोडमध्ये मान खाली घालता. प्रत्येकाचा हात त्यातून तयार झाला, हे खरं. टीमचा सराव मात्र अजून सुरूच झालेला नाही.

माझ्या पहिल्या परदेशातल्या स्पर्धेची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तिसरा तास संपत आला होता आणि कीबोर्डवर मी होतो. जोड्या मोजायचा एक प्रॉब्लेम होता. लॉजिक बरोबर, सँपलची उत्तरंही बरोबर, आणि सबमिट केलं की राँग अ‍ॅन्सर. दोनदा आलं. शेजारी बसलेल्या मित्राने दुसऱ्या एका प्रॉब्लेमचा अख्खा कोड कागदावर लिहून ठेवला होता, फक्त टाइप करायचा राहिला होता. त्याने विचारलं, "मी बसू का?" मी म्हणालो, "दोनच मिनिटं." थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. अशी 25 मिनिटं गेली. शेवटी तिसऱ्याने माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला, माझ्या कोडचा प्रिंट काढला आणि हळूच म्हणाला, "ऊठ आता."

मी कागद घेऊन टेबलाच्या कडेला बसलो. पेन्सिलने एकेक ओळ खोडत खाली आलो आणि चौदाव्या ओळीवर थांबलो. जोड्यांची संख्या मी इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या छोट्या प्रकारात, साठवत होतो. एन, म्हणजे दिलेल्या गोष्टींची संख्या, एक लाखापर्यंत जाणार, म्हणजे जोड्या जवळपास 500 कोटी, आणि 32 बिटांच्या इंटमध्ये मावतात जेमतेम 214 कोटी. इंटच्या जागी मोठ्या संख्या मावणारं लाँग लाँग लिहायचं, एवढंच काम होतं. स्क्रीनवर 25 मिनिटं न दिसलेली चूक कागदावर पाच मिनिटांत सापडली. तेवढ्यात मित्राचा कोड टाइप होऊन पासही झाला. पण पाच तास संपल्याची घोषणा झाली, तेव्हा तोच मित्र आणखी एक प्रॉब्लेम टाइप करत होता. त्याला दहा-पंधरा मिनिटं कमी पडली. ती मी खाल्ली होती. तो मला एका शब्दानेही बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून तुमचा नियम आत्ताच ठरवा: दुसऱ्यांदा राँग आलं की प्रिंट काढायचा आणि उठायचं. कितीही खात्री वाटत असली तरी उठायचं. तिघांनी हे एकमेकांसमोर मोठ्याने कबूल करा. ऐन स्पर्धेत "ऊठ" हा शब्द अपमानासारखा लागतो, आधी ठरलेलं असलं की तसा लागत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांचंही असंच ठरवून ठेवा. एकाने टेम्पलेट, म्हणजे नेहमी लागणारा सुरुवातीचा कोड, टाइप करायचं, दुसऱ्याने प्रॉब्लेम सेट पुढून वाचायचा, तिसऱ्याने मागून. सर्वांत सोपा प्रॉब्लेम पहिल्या पानावर असेलच असं नाही, कित्येकदा तो शेवटी दडलेला असतो.

पेनल्टीचा, म्हणजे दंडाच्या मिनिटांचा, हिशेबही डोक्यात पक्का हवा. चाळिसाव्या मिनिटाला सुटलेल्या प्रॉब्लेमवर आधी दोन चुकीची सबमिशन्स झाली असतील तर तो 80 मिनिटांना पडतो, कारण प्रत्येक चुकीचे 20. पण जो प्रॉब्लेम सुटलाच नाही, त्याच्या चुका मोजतच नाहीत. म्हणजे सुरुवातीला सबमिट करण्याआधी एकदा कडेच्या केसेस (सर्वांत लहान, सर्वांत मोठे आकडे) तपासा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत हातात जे असेल ते बिनधास्त पाठवा. शेवटच्या तासात स्कोअरबोर्ड गोठवतात, म्हणजे इतरांचे नवे निकाल त्यावर दिसत नाहीत. तोवर त्याचा पुरेपूर उपयोग करा: चाळीस टीमनी सोडवलेला प्रॉब्लेम तुम्हाला अवघड वाटत असेल तर तुमचं वाचताना काहीतरी चुकलं आहे. प्रॉब्लेम सुटला की टेबलावर त्याच्या रंगाचा फुगा लावतात; हॉलमध्ये एकाच रंगाचे फुगे सगळीकडे दिसायला लागले तरी तेच समजायचं. गोठल्यावर मात्र त्याच्याकडे बघूही नका.

आता प्रवासाचं. पासपोर्टची मुदत आजच बघ, उद्यावर टाकू नकोस. बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने मुदत शिल्लक मागतात. नोंदणीत, निमंत्रणपत्रात आणि पासपोर्टवर तुमच्या नावांचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एकच असू दे. विमान कुठे बदलायचं आहे, तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. 2011 ची फायनल इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला व्हायची होती. तिथे क्रांती झाली आणि स्पर्धा अमेरिकेतल्या ऑरलँडोला हलवली. देश बदलला म्हणजे व्हिसाही बदलला. असं रोज घडत नाही, पण कागदपत्रांची फाइल तयार असलेल्या माणसाला अशा वेळी निदान धावपळ तरी कमी करावी लागते. फाइल प्रत्येकाची स्वतःची ठेवा, तिघांचे पासपोर्ट एकाच्या बॅगेत नकोत. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवायची, चेक-इन बॅगेत ती चालत नाही.

टीमची छापील नोटबुक, म्हणजे फायनल्सला मिळणारी ती 25 पानं, तुम्ही तयार केली आहे असं म्हणालास. छान. पण त्यातला प्रत्येक कोड एकदा तरी छापील कागदावर बघून टाइप करा आणि जजवर, म्हणजे कोड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पास करून घ्या. स्क्रीनवरून कॉपी करून तपासलेला कोड म्हणजे तपासलेला कोड नव्हे. छापताना ओळ तुटते, एखादी खूण पुसट येते, आणि ते कळतं तेव्हा घड्याळ चालू असतं.

झोपेला मी अ‍ॅल्गोरिदमइतकंच महत्त्व देतो. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना ते जास्त कुरकुरतं. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून झोपायची वेळ थोडी थोडी सरकवा. सरावाचे शेवटचे दोन-तीन सेट तिथल्या स्पर्धेच्या वेळेलाच लावा, मग तेव्हा तुमच्या घड्याळात पहाट असो की रात्र. पोहोचल्यावर दुपारी पलंगावर आडवं व्हायचा मोह होईल. बाहेर उजेडात फिरा. आदल्या रात्री नवीन काहीही वाचू नका.

मुख्य स्पर्धेआधी सराव सत्र असतं. पुष्कळ टीम तिथे सोपे प्रॉब्लेम सोडवून फोटो काढतात. तुम्ही तिथे मुद्दाम चुका करा. कधीच न संपणारा लूप सबमिट करा आणि निकाल किती वेळाने येतो ते बघा. दहा लाख पातळ्या खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) टिकतं का, एका सेकंदात साधारण किती ऑपरेशन्स होतात, हे मोजून कागदावर लिहा. चुकीच्या नावाची फाइल पाठवा. क्लॅरिफिकेशन, म्हणजे प्रॉब्लेमबद्दलची शंका, परीक्षकांना विचारून बघा. प्रिंट काढा आणि तो टेबलापर्यंत यायला किती मिनिटं लागतात ते मोजा, कारण तुमचा उठायचा नियम त्याच प्रिंटवर उभा आहे. आणि तिघांनीही त्या कीबोर्डवर पाच-पाच मिनिटं टाइप करा. महिरपी कंस वेगळ्या जागी असेल तर ते त्या दिवशीच कळू दे.

कोचला स्पर्धा चालू असताना तुमच्याशी बोलता येत नाही. आत तुम्ही तिघेच. म्हणून विमानतळावर, हॉटेलच्या खोलीत, रांगेत उभं असताना एकमेकांवर चिडलात तर त्याच दिवशी बोलून मोकळे व्हा. न बोललेला राग स्पर्धेच्या दिवशी बरोबर कीबोर्डशी येऊन बसतो, मी पाहिलेलं आहे. तुमच्यात सगळ्यात कमी बोलणारा जो आहे, त्याला तूच आपणहून विचारत जा. त्याची कल्पना तो एकदाच सांगतो, आणि ती अनेकदा बरोबर असते.

एक मागणं माझं स्वतःचं. 2015 साली मोरोक्कोतल्या माराकेशच्या फायनलला रशियातल्या आयटीएमओ विद्यापीठाच्या टीमने 13 पैकी 13 प्रॉब्लेम सोडवले होते. तशा तोडीची मुलं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेली असतील. निकाल लागल्यावर संध्याकाळी लाजू नका. कागद आणि पेन घेऊन त्यांच्याकडे जा आणि तुम्हाला न सुटलेला प्रॉब्लेम त्यांनी कसा सोडवला ते विचारा. भाषा मोडकी असली तरी चालते, आकृती सगळ्यांना कळते. माझ्याकडे असा एक कागद अजून आहे. एका अनोळखी मुलाने त्यावर सेगमेंट ट्री, म्हणजे माहिती साठवायची झाडासारखी रचना, काढून दाखवला होता.

शनिवारी सकाळी पाच तासांचा सेट लावतो. तिघांत मिळून लॅपटॉप एकच आणा. प्रिंटरमध्ये कागद मी भरून ठेवतो.

तुझा,
सर